बसलेले आणि निजलेले

हुरडा हे निमित्त होते. सिद्रामप्पांनी सगळ्यांना झरीच्या वावरात बोलावले होते ते स्वतःच्या समाधीचे ठिकाण नेमून घेण्यासाठी, आणि हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळेच जो तो फक्त हुरड्याबद्दल बोलत होता. ज्वारी यंदा उंच आली होती. कणसे दुधाळ होऊन मान टाकायच्या बेतात होती, आणि वारा आला की सगळे वावर एखाद्या गोड अफवेसारखे कुजबुजत होते.

मोटरसायकलवरून उतरताना करुणेने मांडीवरची बॅग छातीशी धरली. बॅग तिच्या नवऱ्याने, शिवकांतने भरली होती. तिच्यात तिघांचे कपडे होते, एक चादर होती आणि मोबाइलची बॅटरी भरायची पेटी होती. संध्याकाळी झरीच्या फाट्यावर एक जीप येणार होती. ती विश्वासी मंडळींना जिंतूरच्या पलीकडच्या डोंगरात घेऊन जाणार होती. मोबाइलवरच्या कुणा उपदेशकाने सांगितले होते की शेवटची लढाई उंबऱ्याशी आली आहे; घरे सोडा, उंचावर जमा, जागे राहा. परतीचा दिवस त्याने सांगितला नव्हता. त्याच्या गणितात परत येणे हा आकडाच नव्हता.

करुणा 'हो' म्हणाली नव्हती, 'नाही'ही म्हणाली नव्हती. लग्नाला वीस वर्षे उलटली होती आणि 'बघू' या एका शब्दावर तिने पुष्कळ पूर ओलांडले होते. आजचा पूर मात्र त्या शब्दाच्या डोक्यावरून जाणारा होता.

ती जन्माने ख्रिस्ती. प्रभू तिला घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखा ठाऊक होता. तो आहे, त्याच्यासमोर खोटे बोलू नये, आणि तो आहे म्हणून रात्री स्वस्थ झोपावे, इतका साधा तो व्यवहार. शिवकांतला तो उशिरा भेटला, मिशनच्या दवाखान्यात पाय मोडून पडला होता तेव्हा, आणि त्याच वॉर्डात नर्स असलेली करुणाही तिथेच भेटली. उशिरा भेटलेल्याची धास्ती काही वेगळीच असते. झरीच्या लिंगायत व्यापाऱ्याचा हा धाकटा मुलगा पहिली कित्येक वर्षे हसतखेळत विश्वासात राहिला. पण गेल्या पावसाळ्यापासून, दूरच्या देशातल्या लढाईच्या बातम्या मोबाइलवर उतरू लागल्यापासून, त्याची झोप उडाली. 'जागे राहा' ही आज्ञा त्याने औषधाच्या मात्रेसारखी रोज घेतली. जळालेल्या पंपांच्या मोटरी नव्या तारेने भरून द्यायचे परभणीतले त्याचे दुकान अर्धे मिटले होते, आणि त्याच्या डोळ्यांखाली राखेसारखा रंग चढला होता.

"आलीस का गं बाई?" मोठी जाऊ त्रिवेणी चुलीपासूनच ओरडली. "मला वाटलं, आता तू ढगातूनच उतरतीस."

"ढगातून उतरायचं नसतं ताई. ढगात जायचं असतं."

"मग हुरडा खाऊन जा. वर गुळभेंडी जवारी मिळती का न्हाई, कुणी बघितलंय?"

करुणेला हसू आले. पहिली पाच-सहा वर्षे या त्रिवेणीने तिच्या हातचे पाणी घेतले नव्हते. नंतर सासूबाईंचे लांबलेले आजारपण आले, दोघी एका खाटेच्या दोन बाजूंना बसल्या, आणि तेव्हापासून त्रिवेणीला करुणेशिवाय पाणी गोड लागेनासे झाले. घरातले तह असेच होतात. त्यांच्यावर कुणी सही करत नाही.

"बॅग कशाची गं?" त्रिवेणीने आवाज खाली आणला.

"नंतर सांगते."

"म्हंजे कायतरी वाईटच हाय," असे म्हणून त्रिवेणीने बॅग तिच्या हातातून काढली आणि ज्वारीच्या पेंढ्यांमागे नेऊन ठेवली, जणू बॅग दिसली नाही की तिच्यातला बेतही नाहीसा होणार होता.

आगटीतल्या गोवऱ्या लाल झाल्या होत्या. सासरे सिद्रामप्पा घोंगडीवर पाय दुमडून, पाठ ताठ ठेवून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात दात मोजकेच; म्हणून त्यांचा हुरडा नात धनश्री खलबत्त्यात कुटून देत होती. ही करुणा-शिवकांतची मुलगी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, आपल्या स्कूटीवरून सगळ्यांच्या आधी येऊन पोचली होती, आणि आजोबांच्या तळहातावर हुरड्याबरोबर गुळाचा खडा ठेवताना त्यांच्या साखरेच्या आजाराकडे खुशाल कानाडोळा करत होती.

"शिवा," कापसाचा भाव विचारावा तसे सिद्रामप्पांनी विचारले, "लढाई कुठवर आली?"

"आप्पा, चेष्टा नका करू."

"चेष्टा कुठं करायलोय? ती कोणती नदी आटायलीय म्हणला होतास मागं?"

"फरात. तिकडं इराकातली." शिवकांत पुढे सरकला. हा विषय निघाला की त्याचा थकवा अंगातून उठून डोळ्यांत जाऊन बसत असे. "ती आटली की उगवतीच्या राजांना वाट मोकळी. मग सगळी राज्यं एका मैदानात जमणार. हर्मगिदोन. घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढणार, आप्पा. हे मी न्हाई म्हणत, शास्त्र म्हणतंय. आन ती आटायलीच हाय, माझ्याकडं व्हिडिओ हाय."

"आपली दुधना किती येळा आटली रे. उगवतीचा राजा तर सोड, पंचनाम्याला कुणी आलं न्हाई."

शेजारच्या वावरातला आश्रुबा कणसे भाजायला मदतीला आला होता. तो इतका हसला की त्याच्या हातातले कणीस निखाऱ्यात पडले. ते उचलता उचलता त्याने आपलेही गाऱ्हाणे पुढे सरकवले. "शिवकांतराव, मैदान कोणतं बी असू द्या. मपली मोटर तुमच्या दुकानात पडलीय. लढाईच्या आदी तेवढी भरून द्या. गहू पिवळा पडायलाय."

"आश्रुबा, सगळं जग जायलंय आन तुमी गव्हाचं काय घेऊन बसलात?"

"गव्हाचंच घेऊन बसलोय की. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"पप्पांच्या दुकानात मोटरींचं पुनरुत्थान सध्या बंद आहे, आश्रुबाकाका," धनश्री म्हणाली, आणि आजोबांच्या बोळक्या तोंडातून हुरड्याचे दाणे उडाले.

सगळे हसले. शिवकांतनेही हसल्यासारखे केले; पण करुणेचे लक्ष त्याच्या हातांकडे होते. तो भाजके कणीस दोन्ही तळव्यांत चोळत होता. ते इतके गरम होते की आश्रुबासारखा माणूससुद्धा ते झेलत झेलत धरत होता, आणि याला त्याचा पत्ता नव्हता. इतकी वर्षे दवाखान्यात काढलेल्या बाईला ताप अंगाला हात न लावता कळतो. या माणसाला ताप नव्हता. त्याला झोप हवी होती, आणि झोपायला तो भीत होता.

"हुरडा पळून जात न्हाई," राजेश्वर उठला. "उन्हं हायत तवर कोपरा बघून घिऊ."

राजेश्वर थोरला भाऊ, त्रिवेणीचा नवरा. झरीतले आडत दुकान तोच चालवत असे. बोलणे मोजून, मापून, आणि वर थोडे कमीच. वावराच्या ईशान्य कोपऱ्यात, बाभळीच्या अलीकडे, या घराण्यातल्या माणसांच्या समाध्या होत्या. शेवटची गौराबाईंची, करुणेच्या सासूची. करुणेला तो दिवस आठवला. तिच्या माहेरी माणसाला निजवतात. पाय उगवतीकडे, हात छातीवर, जणू लांबच्या प्रवासात डुलकी लागली आहे. इथे सासूबाईंना बसवले होते. गळ्यात लिंग, अंगाला विभूती, मांडीवर बेलाची पाने, मातीत कोरलेल्या कोनाड्यात पाठ टेकून, तोंड उत्तरेला. माती लोटायच्या आधी करुणेने शेवटचे पाहिले तेव्हा तिला वाटले होते, या बाई वाट पाहत नाहीत. या फक्त कुणाचे तरी बोलणे संपेपर्यंत थांबल्या आहेत, ते संपले की पदर झटकून उठतील.

राजेश्वरने सकाळीच येऊन फक्कीने चौकोन आखून ठेवले होते. काळ्या मातीवर पांढरे, रेखीव, शाळेच्या खेळाच्या मैदानासारखे.

"हा आप्पांचा, आव्वाच्या शेजारी. हा मपला. हा हिचा."

"अगं बाई, मला आत्ताच बसवता व्हय?" त्रिवेणी आपल्या चौकोनाभोवती फिरली. "आन तोंड उत्तरेला केलं तर चुलीवरचं दूध कोण बघंल?"

सिद्रामप्पा काठीवर रेलून चौकोन निरखत राहिले. मग म्हणाले, "आन शिवाचा?"

राजेश्वरने फक्कीची पाटी उचलली.

"ज्यानं गळ्यातलं लिंग उतरवलं, त्याचा इथं काय संबंध?" राजेश्वर कुणाकडे न बघता म्हणाला. "त्यांची दफनभूमी हाय की परभणीत."

"दादा बरोबर बोलायलाय, आप्पा," शिवकांत म्हणाला. "मला बी नगं."

हे दोन भाऊ आयुष्यभर भांडत आले होते. बांधावरून, सणावरून, आईच्या औषधावरून. भांडणाचा तो दोर ताणलेला होता, म्हणजे दोन्ही टोकांना हात होते. आज पहिल्यांदा दोघांचे एकमत झाले होते. एकमत झाले म्हणजे दोघांनीही दोर सोडला होता.

"मी सांगायलाच आलो होतो," शिवकांत पुढे म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता, पाठ केलेला. "संध्याकाळी जीप येणार हाय फाट्यावर. मी, करुणा, धनू. डोंगरात जायलोत आमी."

"कशाला?" राजेश्वर.

"वाट बघायला."

"मग येणार कवा?"

"येणं न्हाई आता."

राजेश्वरच्या हातातली फक्कीची पाटी तिरकी झाली आणि पांढरी धार त्याच्याच धोतरावर सांडली. "येणं न्हाई म्हंजे? आन हे आप्पा? ह्यांचं पथ्यपाणी, दवाखाना, सगळं मी एकट्यानं वडायचं? आन उद्या काय झालं तर मी एकटाच हाय व्हय ह्यांना?"

"तूच तर म्हणलास आत्ता, संबंध न्हाई."

"मेल्यावरचं म्हणलो मी!" राजेश्वर ओरडला. "जित्यापणीचं कोण बोललं, गाढवा?"

त्रिवेणीने पटकन पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते कळले नाही. बहुधा तिलाही नाही. आश्रुबा आपण इथे नाहीच आहोत असे दाखवत बाभळीचा डिंक शोधू लागला.

आणि करुणेला उमगले की 'बघू' हा शब्द आता संपला आहे. सासऱ्यांसमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

शिवकांतने वळून पाहिले, जणू भिंत बोलली होती.

"माझे आजोबा आयुष्यभर उपदेश करत गावोगाव हिंडले. ते सांगायचे, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. ज्याला पुत्रापेक्षा जास्त कळतं, त्याच्या जीपमध्ये मी बसणार नाही. प्रभू यायचाय तर येऊ दे. मी कुठं असते ते त्याला माहीत आहे. उद्या सकाळी माझी ड्यूटी आहे, तिथं येईल तो. आणि तुमच्या अंथरुणाशी बसून आठवड्यामागून आठवडे मी प्रार्थना केली ती तो लवकर यावा म्हणून नाही हो. तुम्हाला झोप यावी म्हणून."

"माझी परीक्षा आहे," धनश्री हळूच म्हणाली. हे वाक्य इथे फार छोटे आहे हे तिचे तिलाच जाणवले असावे. ती जाऊन वडिलांच्या कोपराला धरून उभी राहिली.

शिवकांत चिडेल असे करुणेला वाटले होते. तो चिडला नाही. तो गौराबाईंच्या समाधीच्या कठड्यावर बसला, मोटर उघडून तांब्याची तार काढून घ्यावी तसा आतून रिकामा.

"तुमाला वाटतंय मी लढाईला भ्यायलोय," तो म्हणाला. "रक्ताला, घोड्यांना. तसं न्हाई. एकच गोष्ट हाय. त्या दिवशी दोघं शेतात असतील, असं सांगितलंय. एक नेला जाईल, एक ठेवला जाईल." त्याने वडिलांकडे पाहिले. "आप्पा, ह्या वावरात दोघं म्हंजे आपणच की. लहानपणापासून पाणी धरायला, पाखरं हाकलायला आपण दोघंच असायचो. हे वाक्य डोक्यात बसल्यापासून मी वावरात पाय ठेवला न्हाई. डोळा लागला की तेच दिसतंय. मला उचललंय आन तुमी खाली हायात, टोपी हातात घेऊन वर बघायलात. मी डोंगरात जायलोय ते वाचायला न्हाई. तुमच्यापासनं लांब असलो तर आपण 'दोघं शेतात' होणार न्हाई, म्हणून."

भक्तीच्या गणितात माणूस अशी एखादी चूक करून बसतो, आणि ती चूक इतकी प्रेमाची असते की ती खोडायला कुणाचा हात धजत नाही.

सिद्रामप्पा काठी टेकत धाकट्याजवळ आले.

"म्हणून येत न्हवतास व्हय? मला वाटलं, धंदा वाढला."

"आप्पा..."

"ऐक. मला ठेवलं तर ठेवलं. एवढ्या मोठ्या वावरात कुणीतरी मागं राहावंच लागतंय की रे. दोघंबी एकदम उठून गेलो तर जवारी काय पाखरांच्या हवाली करायची? तुला न्हेलं तर मी म्हणीन, पोरगं थोरल्या घरी गेलं, नाव काढलं. आन राखण मी बघतो. त्यात रडायचं काय हाय?"

शिवकांतने कठड्यावर सरकून बापासाठी जागा केली.

"बरं, एक सांग मला. तुतारी वाजल्यावर मेलेलेबी उठणार हायत म्हणं?"

"व्हय. तेच आधी उठतील."

"मग तर झगडाच मिटला!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, एखादा अवघड सौदा मनासारखा पटावा तसा. "आरं, तुमी निजलेले. हाक आली की तुमाला कुस बदलायची, डोळे चोळायचे, 'अजून थोडं' म्हणायचं. आमी तर बसलेलेच हाव! मी चटकन उठतो आन तुला हालवतो. ऊठ शिवा, आला बघ तुपला. लहानपणी शाळेला कोण उठवत होतं तुला? तुझी आव्वा?"

"तुमीच," शिवकांत म्हणाला. "पाणी मारून."

"मग? तवाबी मारीन. पण जवळ निजशील तर ना! परभणीला निजलास तर इथनं किती वरडू मी?"

आधी धनश्री हसली. मग त्रिवेणी. करुणेला हसू आणि हुंदका एकाच दाराने बाहेर पडताना अडखळल्यासारखे झाले.

राजेश्वर मात्र धोतरावरची फक्की झटकत होता. "आप्पा, एक अडचण हाय. आपलं तोंड उत्तरेला."

"तो कुठनं येणार हाय रे, शिवा?"

"उगवतीकडनं."

"मग मला उगवतीला बसवा."

"असा दस्तूर न्हाई आपल्यात!" राजेश्वर खरोखर हादरला. "आव्वा उत्तरेला बघतीय, तुमी तिच्या शेजारी बसून भलतीकडं बघणार?"

"तुझी आव्वा जलमभर माझ्याकडं पाठ करूनच भाकरी थापत होती. संसार झालाच की."

"आन स्वामी इचारतील तर?"

"सांग त्यांना, म्हातारा बसल्या जागी फिरला. शिव काय एकाच दिशेला ऱ्हातो व्हय? कुणी का येईना उगवतीकडनं, पाव्हणा वावरात येतोय तर घरच्या माणसाचं तोंड तिकडं पाहिजे का न्हाई?"

राजेश्वर व्यापारी होता, आणि व्यापारी हरतो तेव्हा भावावर येतो. त्याने मोकळ्या जमिनीकडे पाहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पण निजायला जागा लय लागती. एक निजणारा दोघा-तिघा बसणाऱ्यांची जागा खातो. पुढच्या पोराबाळांनी काय करायचं?"

करुणेने ते बरोबर ओळखले. राजेश्वर घासाघीस करत होता, म्हणजे त्याने दोर पुन्हा हातात घेतला होता.

"मपल्यातली निम्मी घ्या," त्रिवेणी म्हणाली. "मी काय तिथं सारखी बसून ऱ्हाणारी हाय का? आन करुणीला माझ्या बाजूला टाका. तिला तेवढं निजलेलीच ठिवा, जित्यापणी मेलीनं कवा पाठ टेकली न्हाई."

"मंजूर," सिद्रामप्पा म्हणाले. "शिवा, नीज बरं. माप घिऊ दे दादाला."

"आप्पा, काहीतरीच काय."

"काहीतरी कशाचं? इथं सगळ्यांचं बसायचं माप आखलंय. तू पडून दे."

धनश्रीने मोबाइलवर दिशा लावली आणि पंच असल्यासारखा हात केला. "पप्पा, डोकं इकडं, पाय तिकडं. अजून थोडे. हां, आता बरोबर उगवतीला."

शिवकांत लाजत, कुरकुरत आईच्या समाधीजवळच्या काळ्या मातीवर आडवा झाला. दिवसभराचे ऊन प्यायलेली माती पाठीला लागताच त्याच्या खांद्यांतून काहीतरी सुटले ते करुणेला लांबूनही दिसले. राजेश्वर वाकून त्याच्याभोवती रेघ ओढू लागला. सिद्रामप्पांनी काठी बाजूला ठेवली, आपल्या चौकोनात हळूहळू उतरल्यासारखे बसले, पाय दुमडले, छातीवरचे लिंग सारखे केले आणि तोंड उगवतीकडे करून पाठ ताठ केली.

"डोळे मीट रे. मेलेला माणूस असा टकामका बघतो व्हय?"

"जागं राहायला सांगितलंय, आप्पा."

"मी बसलोय ना जागा. तू नीज. काही आलं तर उठवतो."

शिवकांतने डोळे मिटले ते केवळ बापाचा मान राखायला. राजेश्वरची रेघ पायांपर्यंत गेली, वळली, दुसऱ्या बाजूने डोक्याकडे परत आली. आणि ती जुळायच्या आत शिवकांत झोपला होता. तोंड किंचित उघडे, एक हात मातीवर पालथा, लहान मुले झोपतात तसा, काही राखून न ठेवता. ही झोप त्याला शास्त्रातल्या कोणत्या शिक्क्याने आणि कोणत्या तुतारीने नाकारली होती कोण जाणे. बापाच्या बसल्या पाठीपुढे त्यांचे काही चालले नाही.

"अगं बाई," त्रिवेणी कुजबुजली. "घोरायलाय की."

करुणा बांधावर बसली. तो उठल्यावर काय म्हणेल, डोंगर त्याच्या डोक्यातून गेला असेल की नसेल, हे तिला ठाऊक नव्हते. तिला आत्ता ते जाणून घ्यायचेही नव्हते. तिने त्याच्या छातीचे वरखाली होणे मोजले नाही, फक्त पाहिले. दवाखान्यातल्या सवयीला तिने एवढी एक सुट्टी दिली.

उन्हे कलली. शिवकांतच्या खिशातला मोबाइल थरथरू लागला. करुणा उठणार, तोच राजेश्वर पुढे झाला, दोन बोटांनी मोबाइल अलगद काढून कानाला लावला आणि दबक्या आवाजात बोलू लागला.

"कोण? जीपवाले? ...न्हाई, तो निजलाय. ...उठवू? कामून उठवू? ...आवो महाराज, किती दिवसांनी निजलंय माणूस. ...बरं, तुमी तुमचं निघा. ...न्हाई तर असं करा, वाकडी वाट करून इकडंच या. हुरडा हाय. डोंगरात काय खाणार?"

पलीकडून फोन बंद झाला. राजेश्वरने मोबाइल स्वतःच्या खिशात टाकला. मावळतीचे ऊन आता आडवे येऊन शिवकांतच्या मिटलेल्या डोळ्यांवर पडू लागले होते. राजेश्वर फक्कीची रेघ नीट झाली की नाही हे बघायला गेल्यासारखा भावाच्या उशाशी जाऊन उभा राहिला, आणि त्याची सावली शिवकांतच्या चेहऱ्यावर पडली.

"अवो, चहा झालाय!" चुलीपासून त्रिवेणीने हाक दिली.

राजेश्वरने मागे न बघता हाताने तिला गप्प केले.

"निवल की!"

"निवू दे," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही. सूर्य खाली जाऊ लागला तशी त्याची सावली लांबत गेली. चेहऱ्यावरून छातीवर, छातीवरून गुडघ्यांवर, आणि शेवटी पायांपाशी, त्याने स्वतःच ओढलेल्या पांढऱ्या रेघेच्या पलीकडे.